सिड बॅरेट: आधी गिटार ऐका, गोष्ट नंतर

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडबद्दल मराठीत कोणी लिहिलं की सिड बॅरेटच्या वाट्याला तीन ओळी येतात. बँड त्याने उभा केला, एलएसडी या नशेच्या पदार्थाने त्याचं डोकं गेलं, बाकीच्यांनी त्याला बाजूला केलं आणि नंतर त्याच्यावर 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' लिहिलं. बँडचा बेसवादक रॉजर वॉटर्स याने २००७ मध्ये मुंबईत हे गाणं वाजवलं, तेव्हा बॅरेटला जाऊन वर्षही झालं नव्हतं. ७ जुलै २००६ ला तो केंब्रिजमध्ये वारला. वय ६०. आपल्याकडच्या बहुतेकांची त्याच्याशी ओळख याच गाण्यातून झाली, म्हणजे दुसऱ्यांनी त्याच्यावर धरलेल्या शोकातून.

ही गोष्ट खोटी नाही, पण तिच्यामुळे त्याचं काम झाकलं जातं याचा मला मनापासून त्रास होतो. १९६६ च्या शेवटापासून १९६७ च्या शेवटापर्यंत, जेमतेम वर्षभरात, या माणसाने इंग्लिश रॉकमधल्या गिटारचं काम बदलून टाकलं. ते कसं केलं हे कळतं, शिकता येतं, वाजवून बघता येतं. त्यात गूढ फार कमी आहे आणि हाताचं काम भरपूर. म्हणून आज फक्त त्या कामाबद्दल.

आयुष्य थोडक्यात. रॉजर कीथ बॅरेट, जन्म ६ जानेवारी १९४६, केंब्रिज. १९६४ मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल आर्ट स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेला. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांची नावं जोडून बँडला नाव दिलं ते त्यानेच. २३ डिसेंबर १९६६ ला टॉटनहॅम कोर्ट रोडवर यूएफओ क्लब सुरू झाला आणि पिंक फ्लॉइड तिथला घरचा बँड झाला. मार्च १९६७ मध्ये 'आर्नल्ड लेन' आलं आणि ब्रिटिश यादीत २० व्या क्रमांकापर्यंत गेलं. जूनमध्ये आलेलं 'सी एमिली प्ले' ६ व्या क्रमांकावर पोचलं. ऑगस्टमध्ये पहिला अल्बम, 'द पायपर अॅट द गेट्स ऑफ डॉन'. त्यातल्या ११ पैकी ८ गाणी एकट्या बॅरेटची.

आता गिटारकडे.

त्याच्याकडे फेंडर एस्क्वायर होती. एस्क्वायर म्हणजे दिसायला टेलिकास्टरच, पण पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) एकच, तोही ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथे. त्यामुळे आवाज टोकदार आणि पातळ येतो, गोलाई मुळात नसते. बॅरेटने गिटारवर चंदेरी प्लॅस्टिकचा पत्रा चिकटवला आणि वर गोल आरशासारख्या चकत्या लावल्या. स्टेजवर तेलाच्या रंगीत स्लाइड्सचा प्रकाश पडायचा, तो या चकत्यांवरून परतून प्रेक्षकांत जायचा. चित्रकाराचा हात इथे दिसतो, पण आवाजावर याचा परिणाम नाही. आवाज बदलला तो दोन गोष्टींनी: तारांवरून घसरणारी कुठलीतरी वस्तू, म्हणजे स्लाइड, आणि एक इटालियन एको (प्रतिध्वनी) मशीन.

स्लाइड म्हटलं की आपल्याला ब्लूजची बाटली आठवते. तिथे गिटार ओपन ट्यूनिंगमध्ये, म्हणजे मोकळ्या तारांतूनच कॉर्ड वाजेल अशी, लावतात, तारा फ्रेटबोर्डपासून उंच ठेवतात आणि एखादी सुरेल ओळ गायल्यासारखी काढतात. बॅरेटने यातलं जवळजवळ काहीच पाळलं नाही. त्याची स्लाइड म्हणजे झिपो लायटर. 'सी एमिली प्ले' मध्ये तर प्लॅस्टिकची फूटपट्टी वापरल्याचं सांगतात. वस्तूंनी गिटार वाजवायची ही कल्पना त्याला मिळाली ती एएमएम या मुक्त संगीत करणाऱ्या गटाच्या कीथ रोकडून. रो गिटार टेबलावर आडवी ठेवायचा आणि तिच्यावर हाताला लागतील त्या वस्तू घासायचा. १९६६ मध्ये हे दोन्ही गट लंडनमध्ये एकाच कार्यक्रमात वाजवत होते. रोने गिटारमधून गाणं पूर्ण काढून टाकलं होतं. बॅरेटने ते घासणं-खरडणं उचललं आणि तीन मिनिटांच्या पॉप गाण्यात आणून बसवलं. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच.

करून बघायचं असेल तर नेहमीचं ट्यूनिंग ठेवा. चौथी, तिसरी आणि दुसरी या तीन मोकळ्या तारा म्हणजे डी, जी, बी, म्हणजेच जी मेजर कॉर्ड. त्यामुळे याच तीन तारांवर लायटर दुसऱ्या फ्रेटवर धरला की ए मेजर मिळतो, पाचव्यावर सी, सातव्यावर डी, नवव्यावर ई आणि बाराव्यावर पुन्हा जी. लायटर फ्रेटच्या, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या पट्टीच्या, बरोबर वर हवा, दोन फ्रेटच्या मधे नाही. मधे धरला तर सूर खाली राहतो. तार दाबायची नाही, नुसतं टेकवायचं. एस्क्वायरचा फ्रेटबोर्ड सव्वासात इंचांच्या त्रिज्येचा, म्हणजे बराच वाकलेला असतो आणि लायटरची बाजू सपाट. त्यामुळे एका वेळी दोन किंवा तीनच तारा नीट लागतात. सहाही तारा धरायचा प्रयत्न केला की मधल्या तारा फ्रेटवर आपटतात आणि कडेच्या अर्धवट राहतात. दोन-तीन तारा घ्या, बाकीच्या उजव्या हाताच्या तळव्याने बंद ठेवा.

सुरुवातीला खडखडाट होतो. त्याचं कारण बहुतेक वेळा तारा असतात. नऊच्या गेजच्या (जाडीच्या), म्हणजे बारीक, तारा लायटरच्या वजनानेच खाली जातात. अकराचा सेट घाला, तिसरी तार शक्य असेल तर गुंडाळलेली घ्या, आणि तरीही आवाज येत असेल तर ब्रिज अर्धा मिलिमीटर उचला. दुसरी अडचण म्हणजे लायटरच्या मागे, नटच्या (गळ्याच्या वरच्या टोकाच्या) बाजूला, तार आपली स्वतःची शिट्टी मारत राहते. डाव्या हाताचं मोकळं बोट लायटरच्या मागे हलकं टेकवून ठेवलं की ती थांबते. बॅरेट ही शिट्टी कधी थांबवायचा, कधी मुद्दाम चालू ठेवायचा. पहिल्या अल्बमवरचं 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' ऐकताना ती ओळखू येते.

पण नुसता लायटर तारांवर घासला तर काय ऐकू येतं? घासल्याचा आवाज. फूटपट्टी तर इतकी हलकी की तिने सूर टिकतच नाही. तो टिकवायचं काम दुसऱ्या यंत्राचं.

बिन्सन एकोरेक हे मिलानमध्ये बनणारं वाल्व्हचं एको मशीन. त्या काळातली बाकीची एको यंत्रं टेपवर चालत. टेप झिजते, ताणली जाते, तुटते. बिन्सनमध्ये टेपऐवजी फिरणारा चुंबकीय ड्रम होता. त्याच्याभोवती एक रेकॉर्डिंग हेड, एक पुसणारं हेड आणि चार प्लेबॅक हेड. आवाज ड्रमवर नोंदला जातो आणि ड्रम फिरताना चार ठिकाणी परत ऐकू येतो, साधारण ७५, १५०, २२५ आणि ३०० मिलिसेकंदांनी. बारा जागांच्या स्विचने यातली कोणती हेड चालू ठेवायची ते ठरतं. 'स्वेल' वर ठेवलं की सगळ्या हेडचा आवाज परत ड्रमकडे जातो आणि एको वेगळे मोजता येत नाहीत, एक दाट गुंजन तयार होतं. बॅरेटच्या जागी आलेल्या डेव्हिड गिल्मरने पुढे वर्षानुवर्षं हेच यंत्र वापरलं आणि लोक त्याला फ्लॉइडचा आवाज म्हणू लागले. पण फ्लॉइडच्या गिटारला या यंत्राची सवय लावली ती बॅरेटने.

आज खरं बिन्सन मिळवणं महाग आणि सांभाळणं त्याहून कठीण. ड्रम फिरवणारं रबराचं चाक वर्षानुवर्षं एकाच जागी दाबलेलं राहिलं की तिथे चपटं होतं, मग दर फेरीला सूर डगमगतो. हेड आणि ड्रम यांच्यात केसाएवढं अंतर असतं. ते वाढलं की वरचे सूर हरवतात, कमी झालं की ड्रमवर ओरखडे उठतात. आणि मोटरचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर अवलंबून असतो. आपल्याकडे इंग्लंड-इटलीप्रमाणेच ५० हर्ट्झ, त्यामुळे युरोपसाठीचं यंत्र नीट फिरेल. अमेरिकेसाठी, ६० हर्ट्झवर बनवलेलं यंत्र इथे हळू फिरेल आणि ३०० ची जागा साधारण ३६० वर जाईल. हे सगळं नको असेल तर चार हेडची नक्कल करणारे पेडल मिळतात. तेही नसेल तर साधा डिले, म्हणजे एकोचा पेडल, ३०० मिलिसेकंदांवर ठेवा, आवृत्त्या पाच-सहा, आणि एकोचा आवाज मूळ आवाजाच्या जवळजवळ बरोबरीला आणा. आपल्याकडे सगळे एको लाजत लाजत, २०-२५ टक्क्यांवर लावतात. तेवढ्याने हे जमत नाही.

क्रम सगळ्यात महत्त्वाचा. गिटार, मग एको, मग तापलेला अँप. बॅरेटकडे सेल्मरचे वाल्व्ह अँप होते आणि एको त्यांच्या आधी. आज सवयीने डिले आवाज फाडणाऱ्या ओव्हरड्राइव्हच्या नंतर किंवा अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये लावतात. तसं केलं की प्रत्येक आवृत्ती स्वच्छ, सुटी ऐकू येते. एको आधी आणि विकृती (डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटणं) नंतर असली की नवा सूर आणि जुने एको एकाच अँपमध्ये एकमेकांना ढकलतात. जोरात छेडलं तर एको दबतात, हात थांबला की पुन्हा वर येतात. हा श्वास घेतल्यासारखा परिणाम दुसऱ्या कुठल्याही क्रमाने येत नाही. गिटारचा व्हॉल्यूम बंद ठेवून तार छेडायची आणि मग नॉब उघडायचा, हेही करून बघा. छेडल्याचा ठोका नाहीसा होतो आणि गिटार ऑर्गनसारखी वाढत येते.

'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' ही या सगळ्याची खरी परीक्षा. त्याचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ, बी पासून अर्ध्या-अर्ध्या सुराने जी पर्यंत उतरतो आणि मग ई वर येऊन टेकतो. मॅनेजर पीटर जेनर लव्ह या बँडचं एक गाणं गुणगुणत होता, सूर नीट लागत नव्हता, आणि बॅरेटने त्याच्यामागे गिटारवर शोधता शोधता हा रिफ काढला. अल्बमवर हा तुकडा ९ मिनिटं ४१ सेकंदांचा आहे. त्याआधी जानेवारी १९६७ मध्ये साउंड टेक्निक्स स्टुडिओत केलेलं जवळजवळ १७ मिनिटांचं ध्वनिमुद्रणही उपलब्ध आहे. दोन्ही लागोपाठ ऐका. अल्बमवर दोन वेगवेगळी वादनं एकमेकांवर चढवली आहेत, म्हणून ते जास्त दाट वाटतं. लांबलचक रूपात बँड प्रत्यक्ष कसा विचार करत होता ते उघडं पडतं.

कॉलेजचे बँड हे वाजवतात तेव्हा बहुतेक एकाच ठिकाणी फसतात. रिफ संपला की ड्रमर ठेका धरून ठेवतो आणि गिटारवादक त्याच्यावर सोलो घेतो. मग तो ई मध्ये केलेला ब्लूज जॅम होतो, बाकी काही नाही. मूळ वादनात कोणी सोलो घेत नाही. ठेका विस्कटतो, बेस कधी ई वर अडून बसतो तर कधी नाहीसा होतो, रिचर्ड राइटचा फार्फिसा ऑर्गन आणि गिटार एकमेकांना जागा देतात. तालमीत एक नियम लावा: पहिली दोन मिनिटं एका वेळी दोघांपेक्षा जास्त जणांनी वाजवायचं नाही. परतीची खूण आधी ठरवा आणि ती एकाच माणसाकडे द्या. चौघांनीही एकदम आवाज वाढवला तर पुढे जायला जागा उरत नाही, कारण एकोमुळे मोठा आवाज लगेच खाली आणता येत नाही.

आता गाण्यांची रचना, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. 'अॅस्ट्रॉनॉमी डॉमिने' च्या कडव्याचे कॉर्ड ई, ई फ्लॅट, जी, ए फ्लॅट. सगळे मेजर. कुठल्याही एका स्केलमध्ये हे चार बसत नाहीत. त्यानंतरची उतरती ओळ ए पासून डी पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या सुराने, आठही मेजर कॉर्ड, प्रत्येकाला एक मात्रा. पाचव्या तारेवर मूळ सूर असलेला बार आकार धरून बाराव्या फ्रेटपासून पाचव्यापर्यंत खाली या, ओळ तयार. यात संगीतशास्त्र कमी आणि हाताची सरळ हालचाल जास्त आहे. एकच आकार घेऊन गळ्यावरून खाली घसरायचं, कान मागून येतो. शिकलेले गिटारवादक इथे कॉर्ड 'सुधारतात', एखादा मायनर करतात, एखाद्यात सातवा घालतात. तसं केलं की ती थंड, अधांतरी भावना गेलीच म्हणून समजा. सुरुवातीला मेगाफोनमधून ग्रह-ताऱ्यांची नावं वाचणारा आवाज जेनरचा आहे.

लयीचं तर त्याहून वेगळं. 'बाइक' मध्ये ओळीगणिक मात्रा कमी-जास्त होतात. मोजून शिकायला गेलात तर डोकं धराल. आपल्या ओवीत जसं अक्षरांची संख्या बांधलेली नसते, चरण अर्थाबरोबर लांबतो-आखडतो आणि शेवटी ठरलेल्या जागी येऊन टेकतो, तसं हे चालतं. आधी शब्द पाठ करा, मोठ्याने म्हणा, मग त्यांच्याखाली कॉर्ड ठेवा. ड्रमरलाही शब्द पाठ हवेत.

१९६७ च्या शेवटी तो ढासळला, हे खरं आहे. नोव्हेंबरच्या अमेरिका दौऱ्यात तो वाजवायचाच थांबला. गिटारच्या तारा सैल सोडून देई. हा प्रयोग होता की आजार, यावर लोक अजून भांडतात. दोन्ही एकाच वेळी असू शकतं. एलएसडी त्याने भरपूर घेतलं होतं, पण आजाराचं खात्रीचं निदान कधीच जाहीर झालं नाही. म्हणून त्याला फेसबुकवर निदान चिकटवणाऱ्यांनी जरा थांबावं असं मला वाटतं. जानेवारी १९६८ मध्ये गिल्मर पाचवा म्हणून आला. २६ जानेवारीला साउदॅम्प्टनच्या कार्यक्रमाला जाताना बाकीच्यांनी बॅरेटला गाडीत घेतलंच नाही. त्याच सुमाराच्या एका तालमीत त्याने नवं गाणं शिकवायला घेतलं आणि दर खेपेला त्याची चाल बदलली. 'जमलं का?' असं गाण्यातच विचारत राहिला.

यानंतरचे दोन एकल अल्बम, 'द मॅडकॅप लाफ्स' (जानेवारी १९७०) आणि 'बॅरेट' (नोव्हेंबर १९७०), कसे झाले हे कळलं तर ते वेगळे ऐकू येतात. नेहमी ड्रम आणि बेस आधी, गाणं नंतर. इथे बऱ्याच गाण्यांत उलटं. बॅरेटने आधी गिटार आणि आवाज नोंदवला, कुठलाही ठोका कानात न घेता, आणि बाकीच्यांनी त्याच्यावर वाजवलं. 'नो गुड ट्राइंग' आणि 'लव्ह यू' वर सॉफ्ट मशीन या बँडचे रॉबर्ट वायट, ह्यू हॉपर आणि माइक रॅटलेज आहेत. वायटसारखा ड्रमरही पुढची मात्रा कुठे पडेल हे कळेपर्यंत किंचित थांबतो आणि तो थांबण्याचा क्षण ऐकू येतो. घरी अशी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांनी क्लिक (कानातला ठोका) लावू नये, ड्रम नंतर संगणकाने सरळ करू नयेत. सरळ केले की ड्रम बरोबर आणि गाणं चूक ठरतं.

'मॅडकॅप' बद्दल एक तक्रार आहेच. 'इफ इट्स इन यू' मध्ये बॅरेटचा सूर चुकतो, तो थांबतो, पुन्हा सुरू करतो, आणि हे सगळं अल्बमवर ठेवलं आहे. हा भाग गिल्मर आणि वॉटर्सच्या निर्मितीतला. आधीच्या सत्रांचा निर्माता माल्कम जोन्स यावर नाराज होता आणि मी त्याच्या बाजूने आहे. अशी अडखळ प्रत्येक गायकाच्या टेपवर असते. ती कापली जाते. इथे ठेवली, आणि ऐकणाऱ्याला गाण्याआधी आजारी माणूस ऐकू आला. त्याच दोघांनी वेळ नसताना अल्बम पूर्ण केला आणि गिल्मरने पुढे बॅरेटचे मानधनाचे पैसे त्याला नीट मिळतील याची काळजी घेतली, हेही तितकंच खरं.

त्याचा वारसा कुठे दिसतो? डेव्हिड बोवीने १९७३ मध्ये 'सी एमिली प्ले' गायलं. त्याआधीच इंग्रजाने इंग्रजासारखंच, अमेरिकन उच्चार न घेता रॉक गायचं हे तो बॅरेटकडून उचलून बसला होता. डॅम्ड या पंक बँडला दुसऱ्या अल्बमसाठी निर्माता म्हणून बॅरेटच हवा होता, मिळाला फ्लॉइडचा ड्रमर निक मेसन. जीझस अँड मेरी चेनने 'व्हेजिटेबल मॅन' केलं ते १९८४ मध्ये. मूळ गाणं फ्लॉइडने अधिकृतपणे प्रसिद्ध केलं २०१६ मध्ये. कॅनडाच्या व्हॉयव्हॉड या मेटल बँडने १९८९ मध्ये 'अॅस्ट्रॉनॉमी डॉमिने' घेतलं. ते चारही मेजर कॉर्ड जड विकृतीत किती भयावह होतात, हे तिथे कळतं. २०१८ पासून निक मेसन स्वतःचा बँड घेऊन फ्लॉइडची सुरुवातीच्या वर्षांतली गाणी वाजवतोय आणि त्याच्या ड्रमच्या विस्कटलेल्या फिल्समधून समजतं की बॅरेटच्या मागे वाजवायचं म्हणजे नेमकं काय.

ऐकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी: 'पायपर' ची मोनो आवृत्ती आधी घ्या. २००७ च्या तीन सीडींच्या संचात मोनो आणि स्टिरिओ दोन्ही आहेत. मोनोत गिटार पुढे आणि एकसंध आहे. 'इंटरस्टेलर' च्या शेवटी आवाज डावीकडून उजवीकडे धावतो ती निर्माता नॉर्मन स्मिथची करामत फक्त स्टिरिओत आहे, ती नंतर हेडफोनवर ऐका. जुनी अमेरिकन आवृत्ती टाळा, तिच्यात 'अॅस्ट्रॉनॉमी डॉमिने' नाही. मग 'जगबँड ब्लूज', त्यात साल्व्हेशन आर्मीचा बँड आहे आणि बॅरेटची इच्छा होती की त्यांनी मनाला येईल ते वाजवावं. मग 'टेरापिन', 'लेट नाइट', जेम्स जॉइसच्या कवितेवरचं 'गोल्डन हेअर'. आणि 'ओपल' अजिबात चुकवू नका. एप्रिल १९६९ मध्ये नोंदवलेलं, सहा मिनिटांहून लांब, फक्त आवाज आणि गिटार. 'मॅडकॅप' वरून ते वगळलं आणि १९८८ पर्यंत कपाटात ठेवलं. 'इफ इट्स इन यू' ची अडखळ ठेवून हे गाणं बाहेर ठेवायचा निर्णय कोणत्या निकषावर झाला, हे मला आजही पटत नाही.